क्रूझवर आपली वाइन न्यावी का? बेळगाव, निपाणी, खानापूरकडचे अनुभव

क्रूझ ठरली की “एक बाटली सोबत टाकूया का?” हे निघतंच. आपल्या भागातल्या जाणत्यांनी नेमकं लिहावं.

निपाणी
आधी कंपनी बघा. मुंबई-गोवा कॉर्डेलियावर बाहेरची दारू चालतच नाही, प्रश्न मिटला. एमएससीही सोडत नाही. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल चढायच्या दिवशी मोठ्या माणसामागे ७५० मिलीची एक वाइन किंवा शॅम्पेन घेऊ देतात. नॉर्वेजियन घेऊ देते, पण बाटलीमागे १५ डॉलर कॉर्केज, म्हणजे आपली बाटली आणल्याचं शुल्क, लावते. व्हिस्की-बिअरचा विचारच नको. नियम बदलत राहतात, म्हणून निघायच्या आठवडाभर आधी बुकिंगच्या अटी परत वाचा.

खानापूर
गोव्यात स्वस्त म्हणून चोर्ला घाटातून बाटली आणायचा मोह कृपा करून आवरा. लेबलावरच ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ छापलेलं असतं. परवाना नसेल तर कणकुंबीच्या नाक्यावर माल जातो, वर अबकारीची केस. थोड्या रुपयांसाठी गाडीसकट कशाला अडकायचं? बेळगावातच घ्या, बिल जपा.

टिळकवाडी, बेळगाव
सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बंगळूर, तिथून सिंगापूर असा प्रवास असेल तर बाटली चेक-इन बॅगेत, कारण हातातल्या बॅगेत ती सुरक्षा तपासणीत अडते. बंदरावर मात्र नेमकं उलटं करायचं. मोठी बॅग ताब्यात देण्याआधी बाटली काढून खांद्यावरच्या पिशवीत घ्या. बहुतेक जण इथंच चुकतात. बॅग स्कॅनरखालून जाते, आत बाटली दिसली की बाजूला काढतात आणि शेजारच्यांच्या बॅगा केबिनपाशी पोचल्या तरी तुमची येत नाही.

बांधायची अशी: आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड रबरबँडनं घट्ट. मानेवर दोन मोजे, फुटते ती मानेशीच. अंगाला टॉवेलचे दोन फेरे, मग बॅगेच्या मधोमध, चहूबाजूंनी चार बोटं कपडे. वजन सव्वा किलो धरा. शक्यतो फिरकीच्या झाकणाची घ्या, ओपनर लागत नाही. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. आतली वाइन तापून फुगते, बूच वर सरकतं, मानेवर चिकट ओघळ येतो. तो दिसला तर ती बाटली नेऊच नका, चव शिजल्यासारखी लागते.

अथणी
हिशेब करा की. एका बाटलीत १५० मिलीचे ५ ग्लास. जहाजावर ग्लास १२ डॉलरला धरला, वर १८ टक्के सेवाशुल्क, तर पाच ग्लासांचे जवळपास ७१ डॉलर होतात. १५ डॉलर कॉर्केज भरलं तरी ग्लासमागे ३ डॉलर आणि बाटलीची किंमत. म्हणजे नेणं परवडतं. कार्निव्हलवर केबिनमध्ये प्यायलात तर तेही कॉर्केज नाही. पण ड्रिंक पॅकेज घेतलं असेल तर बाटलीचं ओझं वाहू नका. जेवताना उरली तर वेटरला केबिन नंबर सांगा, बूच लावून दुसऱ्या रात्रीसाठी ठेवतात.

खानापूर
परतीचं राहिलं. वाटेतल्या बंदरावर घेतलेली बाटली जहाजवाले ठेवून घेतात आणि प्रवास संपताना देतात. भारतात माणशी २ लिटर करमुक्त. बंगळूरला कस्टम उरकलं की ती लगेच चेक-इन बॅगेत टाका, नाहीतर सांबऱ्याच्या विमानाआधी सुरक्षा तपासणीत काढून घेतात.