आईला अंडाशयाचा कॅन्सर: जनुकीय चाचणी कोणाची करावी?

निळीशाई:
आईला (वय ६१) अंडाशयाचा कॅन्सर, किमो सुरू आहे. मावशीला ४३व्या वर्षी स्तनाचा झाला होता. डॉक्टरांनी जनुकीय चाचणी सुचवली आहे. मी ३६ची, भाऊ ३३चा. सध्या एकाच चाचणीचा खर्च झेपेल. कोणाची आणि कोणती करू?

चाफेकळी:
स्वतःची करा, तीही अख्ख्या जीनोमची, म्हणजे सगळ्या डीएनएची. मी केली, एकदाच काय ते कळतं. पैशांचं नंतर बघता येतं.

तळटीप:
जीनोम नको. मी ८०हून जास्त जनुकांचं पॅनेल (निवडक जनुकांची एकत्र चाचणी) केलं आणि हाती आला जनुकातला 'अर्थ अनिश्चित' बदल. झोप उडाली माझी. पुढे लॅबनेच तो निरुपद्रवी ठरवला. असे बहुतेक बदल निरुपद्रवीच ठरतात, हे आधी सांगायला काय हरकत होती?

घाटवाट:
भावाचं सोडा, हे बायकांचे आजार.

कोरापान:
@घाटवाट, साफ चूक. सदोष बीआरसीए (बीआरसीए१ आणि २ ही दोन जनुकं, बिघडली की स्तन-अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) मुलाकडेही ५०% शक्यतेने येतं, आणि बीआरसीए२ असेल तर प्रोस्टेटचा धोका वाढतो. आमच्याकडे ते वडिलांकडून आलं. डॉक्टरांनी फक्त आईच्या माहेरचं विचारलं होतं. अजून राग येतो.

रानवारा:
घरी थुंकी घेऊन पाठवायचं किट स्वस्त पडतं. माझं निगेटिव्ह आलं, मी निश्चिंत.

तळटीप:
@रानवारा, निश्चिंत राहू नका हो! बीआरसीएतले घातक बदल हजारांत आहेत, किट त्यातले मोजकेच बघतं.

दुसरीपाळी:
ऑन्कॉलॉजी वॉर्डात नर्स आहे. आधी आईची करा. तिच्यात बदल सापडला तरच तुमच्या निगेटिव्हला अर्थ. नाहीतर घरात दुसरंच जनुक असू शकतं. बीआरसीए१ असेल तर ८० वर्षांपर्यंत अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ४४%, बीआरसीए२ला १७%. स्तनाचा दोन्हींत ७०%च्या आसपास. आणि हा आईच्या औषधाचाही प्रश्न आहे. २०१८च्या सोलो-१ अभ्यासात बीआरसीए बदल असलेल्या, आजार पुढे गेलेल्या रुग्णांना पहिल्या किमोनंतर ओलापॅरिब हे औषध दिलं, तर आजार पुन्हा वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका ७०% कमी झाला. लिंचची (आतडं, गर्भाशय, अंडाशय यांच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) जनुकंही असलेलं छोटं पॅनेल घ्या.

चाफेकळी:
तरी जीनोमच. पुन्हा पुन्हा रक्त कोण देणार?

कोरापान:
आधी आईची, +१. पण पॅनेल मोठंच घ्या.

निळीशाई:
सगळ्यांचे आभार. आईचीच करतेय, पण फक्त बीआरसीए१ आणि २. पॅनेल नको. काही सापडलं तर भावाला आणि मला तेवढा एकच बदल तपासावा लागेल, उरलेले पैसे त्यासाठी. नाही सापडलं तर पॅनेलचं तेव्हा बघू. भाऊ तयार आहे. सोमवारी आईचं रक्त देतोय.