प्रतिसाद: आधी वजन कमी करा
तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करताना पाय सारखे खाली जात होते म्हणून कमरेच्या पट्ट्यात दोन किलो शिशाचं वजन वाढवलं, असं तुम्ही लिहिलंय. ते आधी काढा! जादा वजन पेलायला तरंगण्यासाठी घातलेल्या जॅकेटमध्ये जादा हवा भरावी लागते. ती छाती वर उचलते, पट्ट्यातलं शिसं कंबर खाली ओढतं, आणि प्रत्येक किकला वाळू उडते. वजन बरोबर आहे का हे पाहायला, सिलिंडरमध्ये ५० बार इतकाच हवेचा दाब उरला असताना पृष्ठभागावर जॅकेट रिकामं करा. नेहमीचा श्वास घेऊन पाणी डोळ्यांशी यावं, सोडल्यावर हळूच बुडावं. मुंबईत तलावात सराव करणार असाल तर गोड्या पाण्यात वजन कमी लागतं, समुद्रात पुन्हा तपासा. पाण्याखाली श्वास घेतल्यावर शरीर क्षणभर उशिरा वर येतं. तो उशीर ओळखायला मला अंधेरीच्या तलावात कितीतरी रविवार लागले. बेडूक-किक, म्हणजे बेडकासारखे पाय मारणं, त्यानंतरच जमली.