पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायला कसं लावायचं? मदत हवी आहे

माझ्या मावसभावाला चोरीच्या संशयावरून तीन दिवस कोठडीत ठेवलं होतं. चौकशीत मारहाण झाली असं तो सांगतो, पोलीस साफ नाकारतात. आता जामीन झालाय, पण अजून नीट झोपत नाही.

सुप्रीम कोर्टाने परमवीर सिंह सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही बसवायला आणि रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायला सांगितलंय. तोंडी विचारलं तर "कॅमेरा बंद होता" एवढंच उत्तर! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे, मग चौकशीचं का नसावं?

फुटेजसाठी आधी माहिती अधिकारात अर्ज करू, मानवी हक्क आयोगाकडे जाऊ, की थेट मॅजिस्ट्रेटकडे? कुणी हे केलं असेल तर अर्जात नेमकं काय लिहिलंत, कृपया सांगा.