वादळात तळ्यावर दिसलेला काळा-पांढरा सुरय कोणता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

चक्रीवादळ झालं की समुद्री पक्षी वाऱ्याबरोबर आत ढकलले जातात, हे ऐकून होतो. म्हणून काल पाऊस जरा ओसरताच तळं गाठलं. शहाणपणाचं नव्हतं, पण राहवलं नाही.

टिबुकल्या आणि वारकरी हे पाणपक्षी आडोशाच्या पाण्यात दाटीवाटीने बसले होते. भिंगऱ्या पाण्याला टेकतील इतक्या खालून उडत होत्या. तेवढ्यात एक सुरय (टर्न, पाण्यावर उडणारा पक्षी) आला. अंगाने नदी सुरयाएवढा, वरून काळा, खालून पांढरा, कपाळ पांढरं, शेपटी दुभंगलेली. वाऱ्याला तोंड करून जेमतेम दहा सेकंद तरंगला आणि पावसात दिसेनासा झाला.

हा सूटी टर्न की ब्रायडल्ड टर्न? माझी १०x४२ (दहापट मोठं दाखवणारी) दुर्बीण वाऱ्याने इतकी हलत होती की डोळ्याजवळचं काही दिसलं नाही. वर भिंगांवर थेंब. समोरच्या काठावरून वारा थेट तोंडावर येत होता. उद्या परत जायचा विचार आहे, काय बदलू?

उत्तर १:
पाठ खरंच काळी होती की अंधारामुळे वाटली? ढगाळ उजेडात तपकिरी रंगही काळाच दिसतो, त्यामुळे रंगावर जाऊ नका. डोकं आणि पाठ यांतला फरक आठवा. सूटीचं डोकं, मान, पाठ सलग काळं असतं आणि कपाळाचा रुंद पांढरा भाग डोळ्यापाशी थांबतो. ब्रायडल्डची पाठ करडी-तपकिरी, टोपी तिच्याहून गडद, मध्ये मानेवर फिकट पट्टा, आणि कपाळाची अरुंद पांढरी रेघ भुवईसारखी डोळ्याच्या मागे जाते.

उद्या काठ बदला. वारा ज्या बाजूने येतो त्याच काठावर, वाऱ्याकडे पाठ करून बसा. भिंगं कोरडी राहतात, आडोशाचे पक्षी जवळ असतात, आणि वाऱ्याला तोंड करून उडणारा पक्षी आपोआप तुमच्याकडे तोंड करतो. उभं राहू नका, कोपर गुडघ्यांवर टेकवा. ८x (आठपट) दुर्बीण असेल तर तीच न्या, हात हलला तरी चित्र कमी हलतं.

उत्तर २:
आधी विजेचं बघा! वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला, तर ती साधारण १० किमीच्या आत आहे. सामान आवरून सरळ गाडीत बसायचं, झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. आणि दमलेला समुद्री पक्षी काठावर बसलेला दिसला तर फोटोसाठी उठवू नका.

मूळ प्रश्नकर्ता:
आभार! काठाचं डोक्यातच आलं नव्हतं. त्या दहा सेकंदांत काढलेले तिन्ही फोटो पुन्हा मोठे करून पाहिले. तिसऱ्यात मान दिसतेय, फिकट पट्टा नाही असं मला वाटतं. कपाळावर पांढरं आहे, पण बायको म्हणते तो पावसाचा थेंब आहे. फोटो टाकतो, तुम्हीच बघा.