झोपलेल्या बाळाच्या कानात नळी घालून ऐकू येतं का नाही हे मशीनला कसं कळतं?

लातूरचा_मामा:
बहिणीला मागच्या आठवड्यात मुलगी झाली. डिस्चार्जच्या आधी ओएई (कानात नळी घालून करतात ती ऐकण्याची) टेस्ट केली तर उजव्या कानाला 'रेफर' (म्हणजे पास नाही, पुढं तपासा) आलं. पोरगी गाढ झोपलेली, ना दचकली ना मान वळवली, मग मशीनला कळलं कसं? घरी सगळे लैच घाबरलेत.

कानाचं_काम (नांदेड):
मामा, बाळाला काय ऐकू आलं ते ही टेस्ट मोजत नाही, बाळाच्या कानातून उलटा बाहेर येणारा आवाज मोजते. खरंच, कान स्वतः बारीक आवाज काढतो!
आतल्या कानात कॉक्लिया नावाची पाण्यानं भरलेली गोल वळलेली नळी असते, तिच्यात साधारण 15 हजार केसपेशी. प्रत्येकीच्या डोक्यावर बारीक तंतूंचा जुडगा, एका रांगेपेक्षा दुसरी उंच, अन् बुटक्या तंतूचं टोक उंच तंतूला एका धाग्यानं बांधलेलं. आवाज आला की पाणी हलतं, जुडगा उंच बाजूला कलतो, धागा ताणला की तिथलं दार उघडतं अन् पोटॅशियम आत घुसतं, मग पेशी खालून ग्लुटामेट सोडते अन् नस मेंदूला सिग्नल नेते. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागात, मला तर अजूनही नवल वाटतं.
मेंदूला कळवायचं काम मुख्यतः आतल्या एका रांगेतल्या साडेतीन हजार पेशींचं. बाहेरच्या तीन रांगा आवाजाबरोबर स्वतः आखूड-लांब होतात अन् हळू आवाज वाढवून देतात. त्या हालचालीतला थोडा आवाज बाहेर येतो, डेव्हिड केम्पनं 1978 मध्ये तो मोजून दाखवला. नळीतला माइक तोच पकडतो, म्हणून बाळ झोपलेलंच बरं.

लातूरचा_मामा:
मग रेफर म्हणजे त्या पेशी खराब का?

बीडची_आई:
तसंच नसतं भाऊ. आमच्या लेकाला पण आलं होतं, जन्मल्यावर कानात चिकट पांढरं राहतं ना, दुसऱ्या वेळी दोन्ही कान पास.

कानाचं_काम (नांदेड):
ताई बरोबर म्हणतात, कान बुजला की जाणारा अन् येणारा दोन्ही आवाज अडतात. पण म्हणून टेस्ट टाळू नका मामा, "मोठी झाली की बघू" अजिबात नको. महिन्याच्या आत परत ओएई करा, तेव्हाही रेफर आलं तर बेरा (आवाजाचा सिग्नल नसेतून मेंदूकडं जातो का ते बघणारी टेस्ट) करून तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान पक्कं करा. खरंच कमी ऐकू येत असलं तर सहा महिन्यांच्या आत कानाला लावायचं ऐकायचं मशीन नाहीतर उपचार सुरू व्हायला पाहिजेत, माणसात या पेशी परत उगवत नाहीत. अन् बाळ काचेत ठेवलं होतं का? तसं असलं तर ओएई पास आली तरी बेरा कराच, कारण नसेतला बिघाड ओएईत दिसत नाही.

लातूरचा_मामा:
काचेत नव्हतं ठेवलं. पुढच्या मंगळवारी परत नेतो.