मालदीवच्या लोकवस्तीच्या बेटावर कोणते कपडे घालावेत?

प्रश्न : सागरिका_ठाणे

नमस्कार. डिसेंबरच्या अखेरीस आम्ही मालदीवला जाणार आहोत. रिसॉर्टचा खर्च आवाक्याबाहेर असल्यामुळे माफुशी या लोकवस्तीच्या बेटावरील गेस्टहाउसमध्ये राहण्याचे ठरवले आहे. सोबत माझे पती, तेरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई असतील. सासूबाई कायम पाचवारी नेसतात. मुलीला मनसोक्त पोहायचे आहे. छायाचित्रांत तिथले पर्यटक बिकिनीत दिसतात, तर काही प्रवासी सांगतात की खांदे उघडे असले तरी टोकले जाते. यांपैकी नेमके खरे काय, आणि आम्ही कोणते कपडे सोबत न्यावेत?

उत्तर : प्रवाळ

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कारण त्या दोन वेगळ्या जागांविषयीच्या आहेत. मालदीवमध्ये १९७२ साली पर्यटन सुरू झाले, तेव्हापासून रिसॉर्टसाठी स्वतंत्र बेटे दिली गेली आणि गावकऱ्यांची वस्ती त्यांपासून दूर राहिली. गावांमध्ये गेस्टहाउसांना परवानगी मिळाली ती अगदी अलीकडे, साधारण २००९-१० च्या सुमारास. त्यामुळे रिसॉर्टवर चालणारा पोशाख गावातही चालेल असे गृहीत धरता येत नाही. इस्लाम हा तिथला राजधर्म आहे, आणि ज्या गल्लीतून तुम्ही समुद्राकडे जाल त्याच गल्लीत शाळा, मशीद आणि लोकांची घरे आहेत.

माफुशीत पर्यटकांसाठी आडोसा करून राखलेला एक किनारा आहे. सगळे त्याला ‘बिकिनी बीच’ म्हणतात. तिथे पोहण्याचा कोणताही नेहमीचा पोशाख चालतो. (स्त्रियांनी अंगावरचा वरचा कपडा काढून ऊन घेणे मात्र देशभर निषिद्ध आहे, रिसॉर्टवरसुद्धा.) त्या किनाऱ्याबाहेर पाऊल टाकताच, म्हणजे रस्ता, दुकान, धक्का, फेरीबोट आणि गावाचा उरलेला किनारा, सर्वत्र खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. हे पुरुषांनाही तितकेच लागू आहे, आणि आपले लोक नेमके तेच विसरतात. पोहून आल्यावर उघड्या अंगाने, खांद्यावर टॉवेल टाकून गल्लीतून चालत येणे तिथे अशिष्ट समजले जाते. तुमच्या पतींनी गुडघ्यापर्यंतची अर्धी चड्डी आणि टी-शर्ट घातला की पुरे.

खरे तर भारतीय कुटुंबाला या प्रवासासाठी फारसे काही विकत घ्यावेच लागत नाही. सुती कुर्ता आणि सलवार किंवा पलाझो हा तिथल्या दमट हवेतला उत्तम पोशाख आहे. डोके झाकण्याची अपेक्षा पर्यटक स्त्रियांकडून रस्त्यावर केली जात नाही.

उत्तर : निळाई

मुलीच्या पोहण्याविषयी लिहिते, कारण खरी खरेदी तिथेच करावी लागेल. सलवार-कुर्ता घालून पाण्यात उतरण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मला धोक्याचा वाटतो. सुती कापड पाण्यात जड होते, पायांत अडकते, आणि ओढणी तर कधीही घेऊन उतरू नये. लायक्राचा पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा अंगासरशी बसणारा सदरा) आणि पोहण्याची लेगिंग घ्या. मालदीव विषुववृत्ताला अगदी लागून असल्यामुळे पालथे तरंगत मासे पाहताना पाठ आणि पोटऱ्या लवकर भाजतात, त्यांपासूनही हा पोशाख वाचवतो. शिवाय एवढे अंग झाकलेले असले की मुलीला राखीव किनाऱ्यापुरते अडकून राहावे लागत नाही. स्थानिक बायकामुलीही पूर्ण कपड्यांतच पोहतात. मात्र ओल्या, अंगाला चिकटलेल्या कपड्यांत गावातून परतू नये. वरून चढवायला एक सैल, झटपट वाळणारा अंगरखा पिशवीत ठेवा.

वाळूच्या निर्जन पट्ट्यावर बोटीने सहलीला नेतात तिथे बहुधा स्विमसूट चालतो. तरी बोटीवर बसण्यापूर्वी नाखव्याला विचारलेले बरे.

प्रतिसाद : पथिक_पुणे

पर्यटनावर ज्या देशाचे पोट चालते, त्याने पाहुण्यांच्या कपड्यांवर बंधने घालावीत हे मला पटत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये माफुशीतच बिकिनीत रस्त्यावरून जाणाऱ्या एका ब्रिटिश तरुणीला पोलिसांनी बळाने ताब्यात घेतले होते, याचाही विचार सागरिकाताईंनी करावा.

उत्तर : प्रवाळ

ती घटना खरी आहे आणि पोलिसांचे ते वागणे चुकीचेच होते. त्यांच्या प्रमुखांनी नंतर जाहीर माफीही मागितली. परंतु चूक वागण्याच्या पद्धतीत होती, त्यामुळे गावातला नियम बदलला नाही. ज्यांना बंधन नको त्यांच्यासाठी रिसॉर्टची बेटे आहेत, आणि माफुशीहून दिवसभरासाठी पैसे भरून तिथे जाताही येते. गावात मात्र आपण कोणाच्या तरी दारावरून जात असतो. संध्याकाळी तिथल्या बायका घराबाहेर दोरीच्या जाळीच्या ‘जोली’वर बसून गप्पा मारतात, त्यांना संकोच वाटू नये एवढी काळजी घेणे मला जाचक वाटत नाही.

सागरिका_ठाणे

मनापासून आभार. सासूबाईंच्या साडीचे काय करावे? राजधानी मालेतील जुनी मशीद पाहण्याचीही त्यांची इच्छा आहे.

उत्तर : निळाई

साडी खुशाल नेसू द्या. पोट आणि पाठ झाकली जाईल असा पदर घेतला, ब्लाउजला कोपरापर्यंत बाह्या असल्या, की काहीच अडचण नाही. फक्त स्पीडबोटीत चढता-उतरताना धक्का ओला असतो आणि निऱ्या पायात येतात, म्हणून प्रवासाच्या दिवशी त्यांना सलवार-कमीज चालत असेल तर विचारून पाहा. हुकुरु मिस्की ही १६५८ सालची, प्रवाळाच्या दगडांत कोरलेली मशीद आहे. आत जायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी लागते. तिथे मात्र डोक्यावरून पदर, तुमच्या व मुलीच्या डोक्यावर ओढणी, आणि पतींना पूर्ण लांबीची पँट हवी. शुक्रवारची दुपार टाळा. तेव्हा नमाजाची गर्दी असते आणि दुकानेही बंद असतात.