मदत हवी आहे: फिफ्थ-व्हीलच्या मागे बोटीचा ट्रेलर, रॅटन पास

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसला राहतो. जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून येतील, तेव्हा कॅम्पर घेऊन अमॅरिलो, क्लेटन, रॅटनमार्गे कोलोरॅडोत प्वेब्लोच्या तलावावर जायचंय. मुलांचा हट्ट आहे की छोटी बोटही हवी.

पिकअप एक टनाचा, ३० फुटी फिफ्थ-व्हील (पिकअपच्या हौद्यात जोडून ओढायचा कॅम्पर) आणि त्यामागे १६ फुटी बोट-ट्रेलर. सगळी लांबी मोजली तर ६२ फूट भरते. टेक्सासची मर्यादा ६५ आहे. लांबीची मला काळजी नाही, काळजी उताराची आहे. रॅटन पास हा घाट ७,८०० फुटांवर आहे आणि पिकअपच्या मागच्या सीटवर आई-बाबा, मुलं बसलेली असणार. बोटीच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत. ते आधी बसवून घ्यावेत ना?

दुसरं, कॅम्परच्या मागच्या चौकटीला हिच (ट्रेलर अडकवायची जोडणी) वेल्ड करून देतो असं एक गॅरेजवाला म्हणतोय. मूळ चौकट तेवढ्या ताकदीची असते का? कोणी असं केलंय का, आणि वाऱ्यात मागचा ट्रेलर किती डोलतो?

रिव्हर्स घेता येत नाही हे ऐकलंय, म्हणून पेट्रोलपंप आधीच हेरून ठेवणार आहे. ज्यांनी प्रत्यक्ष ओढलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.